फाटकापाशी अडकलेली डिस्क

"बाबा, हे काय लावताय त्याला?"

मुग्धा दारातच थांबली. खांद्यावरची बॅगही तिने उतरवली नव्हती. मी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून बसलो होतो. समोर डिस्क उलटी ठेवलेली, हातात जुन्या बनियनचा तुकडा.

"पॉलिश."

"कसलं पॉलिश?"

"पितळेचं. समईला लावतो ते. चरे पडलेत, ते भरून निघतात."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? जन्मभर फिटरचं काम केलं. व्हॉल्व नीट बसत नसला की बारीक पेस्ट लावायची आणि गोल गोल घासत राहायचं. हळूहळू. घाई नाही करायची."

तिने बॅग खाली टाकली आणि माझं मनगट धरलं.

"गोल नाही हो घासायचं! डिस्कवर सगळं गोलच लिहिलेलं असतं. आतून बाहेर, सरळ पुसतात. तुम्ही असं घासलंत म्हणजे ओळीच्या ओळी खरवडल्यात."

मी डिस्क उजेडात धरली. मला तर छान चकचकीत दिसत होती.

"लावून बघू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोचं, कुमुदचं वर्षश्राद्ध होतं. मुग्धा त्यासाठीच पुण्याहून आली होती. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती दुपार मला कालच्यासारखी आठवते. मी डिस्क लावली आणि कुमुदचा आवाज खोलीत आला.

"नमस्कार मंडळी. सिनेमा जुना आहे, रंग उडालेत. तेव्हा गुलाबी दिसेल ते आभाळ निळं समजा."

मुग्धा खुर्चीवर बसली. तिने वर्षभरात आईचा आवाज ऐकला नव्हता. मी दर रविवारी ऐकत होतो.

मी बटण दाबून सिनेमा पुढे नेला, शेवटाजवळ. लाकडी कुंपणाचं घर आलं. फाटकापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. अंगणात एक बाई आपल्याकडे पाठ करून दोरीवरचे कपडे काढतेय. "तो फाटकापाशी आला. थांबला," कुमुद म्हणाली. आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज टकटक करायला लागला, आणि सगळं थांबलं.

"आधीही इथंच अडकायची," मी म्हणालो. "पण जरा वेळाने पुढे जायची. वाक्य ऐकू यायचं."

"कुठलं वाक्य?"

"आहे एक."

आम्ही वाट बघितली. मशीन आतल्या आत घरघरलं आणि डिस्क बाहेर ढकलून मोकळं झालं. मी परत आत घातली. परत तेच. तिसऱ्यांदा मुग्धाने माझ्या हातातून डिस्क काढून घेतली.

"बाबा, पुरे. आणखी खराब होईल."

हा सिनेमा म्हणजे आमच्या ओझरच्या कॉलनीतला. विमानाच्या कारखान्यात तेव्हा रशियन तज्ज्ञ होते. ते बायकापोरांसह कॉलनीतच राहायचे. त्यांच्यासाठी त्यांच्याकडचे सिनेमे यायचे आणि क्लबच्या मैदानावर पडदा लावून सगळ्यांना दाखवले जायचे. पुढे खुर्च्यांवर रशियन मंडळी, मागे सतरंज्यांवर आम्ही. आमच्या लोकांना भाषा कळायची नाही. म्हणून कुमुद माईकवर बसून मराठीत सांगायची. ती कारखान्यात दुभाषी होती. रशियन पुस्तिकांचं भाषांतर करणं हे तिचं काम. तेव्हाची ती कुमुद गर्गे. मी साधा फिटर, आयटीआय झालेला. पण मशीनचा नाद म्हणून क्लबचा प्रोजेक्टर माझ्याकडे होता.

'लांबचा दिवा' हे नाव तिनेच ठेवलेलं. एक माणूस यानात बसून फार दूरच्या ताऱ्यापाशी जातो. तिथं एक दिवा बसवायचा असतो, म्हणजे मागून येणारी यानं वाट चुकणार नाहीत. तो दिवा बसवून परत येतो. त्याच्या लेखी थोडीच वर्षं गेलेली असतात, पण इकडे पृथ्वीवर एक पिढी उलटून गेलेली असते. त्याची बायको म्हातारी झालेली असते. एवढीच गोष्ट.

पुढे रशियन लोक परत गेले. क्लबच्या एका डॉक्टरांनी बऱ्याच वर्षांनी त्या सिनेमाची व्हिडिओ कॅसेट कुठूनतरी मिळवली आणि कुमुदला घरी बसवून तिचं मराठी त्यावर भरून घेतलं. नंतर लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका पोराने त्याची डिस्क करून दिली. डॉक्टर गेले. कॅसेटला बुरशी लागली. तो पोरगा दुकान बंद करून कुठं गेला कोणास ठाऊक. राहिली ती ही एक डिस्क.

कुमुदचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज मात्र एवढाच. आम्ही आवाज कधी जपून ठेवला नाही. माणूस समोर बोलत असताना त्याचा आवाज जपून ठेवायचं कोणाच्या मनात येतं?

संध्याकाळी मुग्धाने बॅगेतून एक छोटी डबी काढली.

"तुमच्यासाठी आणलंय. टीव्हीला मागे लावायचं, मग इंटरनेटवरून सिनेमे दिसतात. आणि गंमत बघा, तुमचा तोच सिनेमा यावर आलाय."

"आपला?"

"आपलाच. सिनेमावाल्यांना मूळ निगेटिव्ह सापडली. एकेक फ्रेम साफ केलीय म्हणे, आवाजसुद्धा. मी थोडा बघितला. बाबा, आरशासारखं दिसतं सगळं."

"त्यात आई आहे?"

तिने डबी टेबलावर ठेवली.

"आई कशी असेल त्यात?"

"मग मी काय करू आरशासारखं घेऊन?"

"तुम्हाला सिनेमा आवडतो म्हणून आणलं हो मी. एवढं काय?" तिचा आवाज चढला. लहानपणापासून तिचं असं आहे, रडू यायला लागलं की ती आधी भांडते. "आणि बघायचा तर आत्ताच बघा. महिनाअखेर निघून जाणार आहे तो तिथून."

"निघून जाणार म्हणजे?"

"काढून टाकतात ते लोक. त्यांचा करार संपला की."

"म्हणजे आपल्या घरात येणार, पण आपला नाही."

"हो. आणि तुमची डिस्क तुमची आहे, पण चालत नाही."

मी टेबलावरची डिस्क जवळ ओढली. मुग्धा ओशाळली. स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच वाजवत राहिली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "डिस्क मी पुण्याला नेते. एक जण आहे ओळखीचा, जेवढं वाचेल तेवढं काढून देईल. पण बाबा, ते वाक्य एवढं काय हो? सिनेमातलंच ना?"

"सिनेमातलंच. ती बाई म्हणते त्याला, दोरीवरचे कपडे काढता काढता."

"मग ते या नव्यातही असणार. ती रशियनमध्ये बोलेल, खाली इंग्रजीत येईल. तेवढं तरी ऐका."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कुमुदचा आवाज नाही तर नाही, पण ते वाक्य मूळ जिच्या तोंडचं, तिच्याकडून ऐकता आलं असतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्याचीच हुरहूर लागली. ऐकून मग मी ते मनातल्या मनात कुमुदच्या आवाजात म्हटलं असतं. मला तेवढं पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विधी झाला. कुमुदची बहीण नाशिकहून आली होती, शेजारची चार माणसं होती. खिरीत वेलदोडा कमी पडला असं बहीण म्हणाली आणि कुमुदच्या हातच्या खिरीची आठवण काढून डोळे पुसले. दोनपर्यंत सगळे गेले. मुग्धाने खिडकीचे पडदे ओढले, तरी फटीतून ऊन येतच होतं.

"लावू?"

"लाव."

ती डबी टीव्हीला जोडायला लागली. जोडता जोडता म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात, त्या रशियन बाईने आमचं लग्न जमवलं म्हणून. आई नुसती हसायची. नक्की झालं काय होतं, ते कधी सांगितलंच नाही तुम्ही."

"सांगण्यासारखं काही नाही."

"तरी सांगा. हे चालू व्हायला वेळ आहे अजून."

मग मी सांगितलं.

"माईकची वायर आखूड होती. म्हणून तुझ्या आईचं स्टूल प्रोजेक्टरला लागूनच, माझ्या डाव्या हाताला असायचं. दोन वर्षं ती तिथं बसत होती. ती म्हणायची, 'शिरसाठ, आवाज येतोय का मागे?' मी म्हणायचो, 'येतोय.' एवढंच आमचं बोलणं."

"दोन वर्षं?"

"मग? मी फिटर, ती दुभाषी. साहेब लोक तिच्याशी अदबीने बोलायचे. तिच्यासाठी नाशिकमध्ये स्थळं बघत होते. मी काय बोलणार?"

"बरं, मग?"

"मग हा सिनेमा आला. चांगला चालला होता. ती सांगत होती, लोक ऐकत होते. तो फाटकाचा भाग आला. ती बाई त्याला म्हणते ते वाक्य तुझ्या आईने सांगितलं, आणि तेवढ्यात पुढच्या खुर्च्यांवरच्या रशियन बायका वळून आमच्याकडे बघायला लागल्या. एक-दोघी तर हसल्या. मला वाटलं, माईक किंचाळला. मी वायर तपासली. वर बघतो तर तुझी आई माझ्याकडे बघत होती."

"का?"

"रीळ संपत आलं होतं ना. ते अंगणातलं संपलं की पुढचं रीळ लावायचं. प्रोजेक्टर एकच, म्हणून मध्ये थांबावं लागायचं. ती विचारत होती, तयार आहे ना म्हणून. मी मान हलवली. आहे तयार."

मुग्धा हसली. "आणि लग्न कुठे जमलं यात?"

"सिनेमा संपला. लोक सतरंज्या झटकत होते. मी रीळ गुंडाळत होतो, ती वायर गुंडाळत होती. माझ्या डोक्यात त्या बाईचं वाक्य घोळत होतं. त्यानेच धीर आला मला. मी म्हटलं, 'गर्गेबाई, एक विचारू?' ती म्हणाली, 'विचारा.' मी म्हटलं, 'तुमच्या वडिलांना भेटायला नाशिकला येऊ का?'"

"थेट वडिलांना!"

"दुसरं काय विचारतात? ती म्हणाली, 'मघाशी मान हलवलीत तेव्हाच मी समजले.' मला काही कळेना. पण पुढे म्हणाली, 'या रविवारी या.' मग मी कशाला जास्त विचारतोय?"

"आणि तुम्ही कधीच विचारलं नाहीत, काय समजले म्हणून?"

"राहून गेलं. तिच्या घरचे वर्षभर बोलत नव्हते आमच्याशी, त्या धांदलीत कुठं आठवतंय? मग तू झालीस."

तेवढ्यात पडद्यावर सिनेमा आला.

मुग्धा म्हणाली ते खरं होतं. मी तो सिनेमा इतक्या वेळा दाखवला, पण असा कधी बघितला नव्हता. आभाळ खरंच निळं होतं. यानातल्या माणसाच्या दाढीचे केस मोजून घ्यावेत इतके स्वच्छ दिसत होते. आमच्या प्रतीवर उभ्या रेघांचा नुसता पाऊस असायचा, तो सगळा गेला होता. मला मात्र सारखं काहीतरी कमी वाटत होतं. यान सुटलं तेव्हा मीच म्हणालो, "बसा घट्ट धरून, मंडळी."

मुग्धाने माझ्याकडे बघितलं. "हे आई म्हणायची?"

"हो."

"म्हणा ना पुढचं."

मला सगळं पाठ होतं. मी हळू आवाजात सांगत गेलो, कुमुद सांगायची तसं. तिच्या जागा, तिचं थांबणं. आणि मुग्धा खालची इंग्रजी अक्षरं वाचून ताडून बघत होती. "बरोबर," म्हणायची. "हेही बरोबर. आई शब्दन्‌शब्द सांगायची, बाबा!"

"मग? भाषांतराला पक्की होती ती. साहेब तपासायचेसुद्धा नाहीत."

दिवा बसवून झाला. तो माणूस परत निघाला. मी सरसावून बसलो. लाकडी कुंपण आलं. हिरवं होतं ते, आम्हाला आयुष्यभर तपकिरी दिसलं. तो फाटकापाशी आला, थांबला. बाई पाठमोरी. दोरीवर पांढऱ्या चादरी. आमच्या प्रतीवर इथं मागे वाजणारा बाजा खरखरीतून जेमतेम ऐकू यायचा. आता तो बारीक, स्वच्छ ऐकू येत होता, आणि चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या तेही.

मी वाट बघत होतो. बाईने एक चादर काढली. दुसरी काढली. मग घडी करत वळली आणि तिने त्याला बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आता सुरकुतीन्‌सुरकुती दिसत होती. ती बघत राहिली. त्याने फाटक ढकललं आणि आत आला. अंगण संपलं.

"बाबा, कुठे होतं वाक्य?"

"इथंच. ती पाठमोरी असताना."

"खाली काहीच आलं नाही."

"परत लाव. लिहायचं राहिलं असेल त्यांचं."

तिने मागे नेलं. परत फाटक, परत चादरी. मी टीव्हीच्या जवळ जाऊन कान लावला. बाजा होता, वारा होता. चादर काढताना लाकडी चिमटा टोपलीत पडल्याचा आवाजसुद्धा होता. माणसाचा आवाज नव्हता.

"साफ करताना काढून टाकलं असेल," मी म्हणालो. "तूच म्हणालीस, आवाजही साफ केला."

"बोलणं कोण काढून टाकेल, बाबा?" तिने आणखी एकदा लावलं आणि मध्येच थांबवलं. "इथं बघा. ती वळायला लागलीय, अर्धा चेहरा दिसतोय. ओठ मिटलेले आहेत. ती बोलतच नाही. दोघांपैकी कोणीच काही बोलत नाही."

मी परत खुर्चीवर येऊन बसलो.

"आई काय म्हणायची इथे?"

मी ते वाक्य आजवर कोणाला म्हणून दाखवलं नव्हतं. मुग्धालाही नाही.

"'फाटकात उभे राहून काय करता? विचारायचं ते विचारून टाका. मी नाही म्हणणार नाही.'"

मुग्धाने रिमोट टेबलावर ठेवला. बाहेर कुकरची शिट्टी झाली, कोणाच्यातरी घरी. मग ती अगदी हळू म्हणाली, "आणि रशियन बायका वळून हसल्या."

"हो."

"त्यांना ऐकू येत होतं ना, पडद्यावर कोणी बोलत नाहीये. आणि मागे आई मराठीत बोलतेय."

"हो."

"आणि मग तिने तुमच्याकडे बघितलं."

"रीळ संपत आलं होतं," मी म्हणालो.

"आणि तुम्ही मान हलवलीत."

ती हसायला लागली. हसता हसता तोंडावर ओढणी धरली आणि मग ते हसणं राहिलं नाही. मला तिच्याकडे बघवेना. मी टेबलावरच्या रिमोटकडे बघत बसलो.

"डॉक्टरांकडे व्हिडिओवर भरलं, तेव्हा तुम्ही होतात?" तिने विचारलं.

"शेजारीच बसलो होतो."

"तेव्हाही बघितलं तिने?"

मला ते लख्ख आठवलं. डॉक्टरांची बैठकीची खोली, कुमुदच्या केसांत तेव्हा पांढरे आले होते, हातात छोटा माईक. तिने वाक्य म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. व्हिडिओला कुठलं रीळ बदलायचं? मला तेव्हा वाटलं होतं, जुनी सवय, दुसरं काय.

"बघितलं," मी म्हणालो.

"तुम्ही काय केलंत?"

"मान हलवली."

मुग्धाने डोळे पुसले. "किती वेळा दाखवला हो तुम्ही हा सिनेमा?"

"बऱ्याचदा. लोक मागायचे."

"आणि प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

ती उठून पाणी प्यायली, माझ्यासाठीही आणलं. पुढे तिने ती डिस्क पुण्याला नेली. त्या माणसाने खूप खटपट केली. फाटकाचा भाग सोडून बाकी सगळं निघालं, ते आता तिच्या आणि माझ्या, दोघांच्या फोनवर आहे. फाटकाचा भाग मीच घासून टाकला होता, तो कोणाला काढता आला नाही. तो साफ केलेला सिनेमाही महिनाअखेर निघून गेला. नंतर परत आला, परत गेला. मी आता त्यामागे लागत नाही.

त्या दुपारी मात्र मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "एकदा लाव अजून."

"फाटकापासून?"

"फाटकापासून."

तिने लावलं. तो आला, थांबला. बाई पाठमोरी होती. चादरी फडफडत होत्या. चिमटा टोपलीत पडला. वाक्याची जागा आली आणि कोणीच काही न बोलता निघून गेली. मी डाव्या हाताला बघितलं, जिकडे तिचं स्टूल असायचं. तिथं रिकामी खुर्ची होती आणि खुर्चीवर मुग्धाची बॅग.

मी मान हलवली.